एका भेटीत एकच तक्रार

दवाखान्यात बाकांसमोरच्या भिंतीवर एक पाटी होती. 'एका भेटीत एकच तक्रार सांगावी. इतरांच्या वेळेचा मान ठेवावा.' खाली एक हसरा चेहराही काढलेला होता. ही पाटी ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला आयुष्यात कधी साधं पडसं तरी झालं असेल का, अशी कडकबाईंना दाट शंका होती. पडसं झालं की नाक गळतं, डोकं दुखतं आणि अंगही मोडून येतं. मग माणसाने काय नाक घेऊन या महिन्यात यायचं आणि डोकं घेऊन पुढच्या महिन्यात?

कडकबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. बाई, त्यांचा नवरा आणि नवऱ्याची बहीण असे तिघं मिळून धुलाई-इस्त्रीचं दुकान चालवायचे. शर्टाची कॉलर आणि समोरचं गिऱ्हाईक, दोन्ही त्या सारखीच ताठ ठेवायच्या, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव देऊन टाकलं होतं. कुणी म्हणालं, "कोट उद्या मिळेल का?" तर त्या म्हणायच्या, "तुम्ही तो वर्षभर घालून मळवलात आणि मला एक दिवस देताय?" लोक हसायचे आणि परवा यायचे. नवरा मात्र अगदी उलट. तो मागच्या खोलीत यंत्रांपाशी असायचा आणि दिवसभरात जेवढे शब्द बोलायचा तेवढे कडकबाई एका गिऱ्हाइकावर खर्च करायच्या.

अशा या बाईला धाप लागायला लागली.

आधी पाय सुजले. संध्याकाळी चपलेचा पट्टा लागेनासा झाला. दिवसभर उभं राहायचं काम, होतंच थोडंफार, म्हणून त्यांनी कानाडोळा केला. मग खोकला आला, तोही नेमका पाठ टेकली की यायचा. मग जेवण उतरेनासं झालं; दोन घास खाल्ले की पोट टम्म. मग वरच्या मजल्यावरच्या आपल्याच घरात जाताना जिन्याच्या वळणावर त्या थांबायला लागल्या आणि कुणी बघितलं तर कठड्यावरची धूळ पुसतेय असं दाखवायला लागल्या. तो कठडा इतका लख्ख आधी कधीच नव्हता. नवऱ्याच्या हे सगळं लक्षात आलं होतं. एके दिवशी तो दुकानाला कुलूप लावून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चल."

दवाखान्याची रीत अशी होती की एका पेशंटला महिन्यातून एकच भेट आणि त्या भेटीत एकच तक्रार. डॉक्टर दर वेळी नवा. पहिल्या भेटीत कडकबाईंनी पाय सांगितले आणि पुढे म्हणाल्या, "शिवाय रात्री खोकला..."

"एकच," डॉक्टर म्हणाला. तो चष्मेवाला होता आणि त्याच्या चष्म्याच्या काचांत कॉम्प्युटरचा पडदा दिसत होता. त्यामुळे त्याचे डोळे कसे आहेत हे कडकबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "कमी उभं राहा. झोपताना पायाखाली उशी घ्या." त्याने एक बटण दाबलं. "तक्रार बंद केली आहे."

"बंद केली म्हणजे? पाय सुजलेलेच आहेत की."

"आमच्याकडून बंद," तो म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारला गेला.

पुढच्या महिन्यात त्यांनी खोकला नेला. या खेपेला एक तरुण डॉक्टरीण होती, गोड आवाजाची. तिने हवेला नावं ठेवली आणि औषधाची बाटली लिहून दिली. कडकबाई म्हणाल्या, "आडवं झालं की येतो हो. बसलं की थांबतो." डॉक्टरीण गोड हसली आणि म्हणाली, "मग आराम करा." या वाक्याचा अर्थ लावत कडकबाई घरापर्यंत आल्या. त्यानंतरच्या महिन्यात थकवा नेला. त्या डॉक्टरने वय विचारलं, आकडा ऐकून मान हलवली, जणू सगळं समजलंच, आणि ताकदीच्या गोळ्या देऊन बोळवण केली. तिन्ही वेळा कुणी त्यांना हात लावला नाही. गळ्यात ती नळी मात्र तिघांच्याही होती. दागिन्यासारखी.

रात्री आता आडवं होणं जमत नव्हतं. दोन उशा झाल्या, तीन झाल्या, शेवटी त्या खुर्चीत बसून झोपायला लागल्या. नवरा पलंगावर एकटा पडायचा आणि अंधारात त्यांचा श्वास ऐकत राहायचा. त्यांना कळायचं की तो जागा आहे. दोघंही तसं दाखवत नसत.

"मी मरणार आहे का हो?" एका सकाळी त्यांनी विचारलं. रागाने विचारलं. कुणीतरी परस्पर ठरवलंय आणि आपल्याला कळवलं नाही, अशा रागाने.

नवऱ्याने इस्त्री बाजूला ठेवली. "असं काही बोलू नकोस," एवढंच तो म्हणाला आणि त्याने जळालेल्या बाहीकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याच्या हातून कापड जळलं नव्हतं.

डोकं चालवलं ते नणंदेने. नणंद दुकानात बटणं लावायची, उसवलेलं शिवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायची. मोठ्या हॉटेलाचा कपड्यांचा ढीग आला की दुकानात तो फोडायची पद्धत होती. चादरी एकाकडे, पडदे दुसऱ्याकडे, वेटरांचे कोट तिसऱ्याकडे. तिघं आपापलं उरकायचे आणि संध्याकाळी सगळं पुन्हा एका गठ्ठ्यात बांधायचे. एकट्याने तो ढीग उपसायला घेतला तर कंबर मोडते.

"वहिनी," नणंद दाताने दोरा तोडत म्हणाली, "तुमचा आजार फोडू या."

"काय?"

"एका माणसाला महिन्यात एकच तक्रार, असंच ना? मग माणसं तीन आहोत की आपण. खोकला मी घेते. पाय दादाकडे. झोप तुमच्याकडे राहू दे. एकाच आठवड्यात तिघं जाऊन येऊ. कोण काय म्हणतं ते संध्याकाळी एकत्र बांधू."

"खोटं बोलायचं?" नवरा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता.

"खोटं कुठे आहे त्यात? तक्रार खरीच आहे. माणूस तेवढा दुसरा."

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल की हा वेडेपणा आहे. पण शहाण्या माणसांनी ती पाटी लावली होती, तेव्हा शहाणपणाचं नाव या गोष्टीत न काढलेलंच बरं. कडकबाईंनी थोडा विचार केला आणि त्यांना तो बेत पसंत पडला. वर्षानुवर्षं असेच गठ्ठे फोडत आल्यामुळे यात काही चूक असेल हे तिघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

नणंद पहिली गेली. तिने दारापासूनच असा काही खोकला काढला की बाकावरची माणसं उठून लांब बसली. आत डॉक्टरने मान वर न करता कडकबाईंना दिली होती तीच बाटली लिहून दिली. "माझा घसा अगदी ठणठणीत आहे," नणंद घरी येऊन म्हणाली. "नुसतं 'आ करा' म्हणाला असता तरी चोरी पकडली असती मेल्याने. 'आ' सुद्धा करायला लावलं नाही!"

मग नवऱ्याची पाळी आली. त्याचे पाय म्हणजे वाळक्या काटक्या. डॉक्टर बघणारच, या भीतीने नणंदेने त्याला लोकरीच्या मोज्यांच्या दोन जोड्या घालायला लावल्या आणि वर बूट कसेबसे कोंबले. तो घामाघूम होऊन गेला आणि परत आला तो खुर्चीत बसून बूट काढायला लागला. एक मोजा काढला, दुसरा काढला आणि तसाच हातात धरून बसला.

"पकडलं का?" कडकबाईंनी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. "बघितलंच नाही गं. पाय सुजतात म्हणालो. त्याने विचारलं, दाबलं की खड्डा पडतो का? मी म्हटलं, पडतो. त्याने ते लिहून घेतलं. माझे पाय त्याच्या टेबलाखाली होते. वाकला असता तर दिसले असते. मी पुढे सुद्धा केले."

"मग?"

"मग तो टाइप करत होता, आणि मला..." तो थांबला. "मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. म्हटलं, रात्री आडवं होता येत नाही. पाठ टेकली की श्वास अडकतो, घाबरंघुबरं होऊन उठून बसावं लागतं. सगळी रात्र खुर्चीत जाते. एकच तक्रार सांगायची हे विसरूनच गेलो. तो टाइप करतच होता, त्याच्याही लक्षात आलं नाही. आणि मग पडद्यावर लाल पट्टी आली."

"लाल म्हणजे?"

"हृदयाच्या मोठ्या डॉक्टरकडे. तातडीने. मोठ्या इस्पितळात, याच आठवड्यात." त्याने खिशातून चिठ्ठी काढली.

दोन तक्रारी शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या आणि यंत्राला सुद्धा कळलं. एवढं सोपं होतं ते. नणंदेने टाळी वाजवली, कडकबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि मग तिघांच्याही एकदम लक्षात आलं. चिठ्ठीवर नाव नवऱ्याचं होतं.

"अहो, तुम्ही तिथल्या तिथे सांगितलं का नाहीत, की हे माझं नाही, बायकोचं आहे म्हणून?"

"सांगणार होतो. पण पुढचा माणूस आत येऊन बसला होता. माझ्याच खुर्चीत. मी अजून पुरता उठलो पण नव्हतो."

कडकबाईंना संताप आवरेना. नवऱ्याचा नव्हे. त्याच्या हातातल्या त्या मोज्याकडे बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धडधाकट माणूस आत जातो, दोन जोड मोजे घालून, आणि हृदयरोगी होऊन बाहेर येतो. आणि ज्या बाईला जिना चढवत नाही तिला उशी घ्यायला सांगतात.

दुसऱ्या दिवशी त्यांची स्वतःची भेट होती. या खेपेला एकच तक्रार सांगायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आत गेल्या आणि बसायच्या आधीच सुरुवात केली. पाय माझे सुजतात, खोकला मला येतो, आडवी मी होऊ शकत नाही, काल माझ्या नवऱ्याने सांगितलं ते सगळं माझं आहे, त्या लाल पट्टीवर माझं नाव घाला. मध्ये दोनदा श्वास घ्यायला थांबावं लागलं, पण त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं.

टाय लावलेला डॉक्टर होता. त्याने त्यांचं बोलणं तोडलं नाही, एवढं खरं. ते संपेपर्यंत तो पडद्यावर त्यांची माहिती वाचत होता.

"पायांची तक्रार बंद आहे," तो म्हणाला. "खोकला बंद. थकवा बंद. तुमची प्रकृती तशी छान आहे की."

"पण मी आत्ता काय सांगितलं?"

"ऐकलं मी." आता त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि आवाज हळुवार केला. लहान मुलाशी बोलतात तसा. "तुमच्या मिस्टरांना हृदयाचा त्रास निघालाय. तुम्हाला धक्का बसणं स्वाभाविक आहे. आपल्या माणसाची काळजी लागली की त्याचीच लक्षणं आपल्याला जाणवायला लागतात. बायकांमध्ये हे फार दिसतं. मी मनाला शांत करणारी एक गोळी देतो."

कडकबाईंनी आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं सरळ केली होती. पण या माणसापुढे त्यांची वाचाच बसली. चोरी आपली, चोर आपण, कबुलीही आपणच दिली आणि हा म्हणतो तुम्हाला भास होतोय! त्या उठल्या. टेबलाला धरून उठल्या, कारण नुसतं उठता येत नव्हतं, आणि तेही त्याला दिसलं नाही. दाराबाहेर आल्यावर त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी बाहीने पुसलं. रडायला आलं याचाच त्यांना जास्त राग आला.

काउंटरवरच्या मुलीकडे त्यांनी शेवटचा प्रयत्न करून बघितला. चिठ्ठीवरचं नाव बदलता येईल का? मुलगी म्हणाली, नाव बदलता येत नाही, पेशंटने नवीन भेट घ्यावी, तुमची पुढची भेट महिन्याने. आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, खोटी माहिती दिली असं मी वर कळवलं ना, तर काकांची भेटसुद्धा रद्द होईल. मी काही ऐकलं नाही, बरं का." ती बिचारी मदतच करत होती. त्या सगळ्या इमारतीत मदत करायची असेल तर न ऐकल्यासारखं करण्यापलीकडे तिच्याही हातात काही नव्हतं.

रात्री तिघं दुकानात बसले.

"आपण जायचं," नणंद म्हणाली. "दादाच्या नावाने जायचं."

"आणि तिथे काय सांगायचं?" नवऱ्याने विचारलं.

"तिथे मी बघते काय ते," कडकबाई म्हणाल्या. ओठ निळसर पडले होते, पण आवाज गिऱ्हाइकाशी बोलतानाचाच होता.

मोठ्या इस्पितळात लांबच लांब गल्ल्या होत्या आणि जमिनीवर रंगीत पट्ट्या. हृदयासाठी निळी पट्टी. कडकबाई त्या पट्टीवरून चालत होत्या आणि दर खिडकीशी थांबत होत्या. नवरा एका बाजूला, नणंद दुसऱ्या बाजूला. समोरून येणाऱ्या नर्सने नवऱ्याच्या हातातली चिठ्ठी वाचली आणि लगबगीने चाकांची खुर्ची आणली. "काका, तुम्ही बसा, चालू नका," असं म्हणून तिने नवऱ्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. नवऱ्याने तोंड उघडलं, पण नर्स खुर्ची ढकलायलाही लागली होती. आता नवरा खुर्चीत आणि धापा टाकणारी बायको मागे चालते आहे, अशी ती वरात निघाली.

"थांबवा," नवरा म्हणाला. मग जोराने म्हणाला, "थांबवा म्हणतो ना!" तो उतरला आणि त्याने बायकोला खुर्चीत बसवलं. नर्स गोंधळली, पण तिला पुढची खुर्ची आणायची होती, ती गेली. मग नवऱ्यानेच ती ढकलली.

तपासणीच्या खोलीत एक पलंग होता, शेजारी यंत्र, आणि यंत्रापाशी एक पोरगेलासा तंत्रज्ञ. त्याने नवऱ्याचं नाव वाचलं. "शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपा."

नवरा हलला नाही. कडकबाई खुर्चीतून उठल्या, पलंगाच्या पायरीवर पाय ठेवला, श्वास घेतला, आणि वर चढून बसल्या.

"बाई, पेशंट हे आहेत ना?"

"पेशंट मी. नाव त्यांचं."

"म्हणजे?"

"म्हणजे जे आहे ते तुम्ही यंत्र लावलंत की दिसेल."

"असं नाही करता येत. खाली उतरा."

"नाही उतरणार."

"मला गार्डला बोलवावं लागेल."

"बोलवा," दाराला पाठ लावून उभी राहिलेली नणंद म्हणाली. "त्याच्याकडे बहुतेक आम्हाला बघायला वेळ असेल."

आरडाओरडा झाला म्हणून हृदयाच्या डॉक्टरीणबाई आत आल्या. म्हणजे नणंदेला बाजूला सारून घुसल्याच. पन्नाशीच्या असाव्यात, केस विस्कटलेले, हातात अर्धवट प्यालेला चहा. तंत्रज्ञाने सांगायला सुरुवात केली, चिठ्ठी पुरुषाची आहे आणि ही बाई... त्या ऐकता ऐकताच घड्याळाकडे बघत होत्या. "हे बघा, बाहेर माणसं थांबली आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमच्या दवाखान्यातून स्वतःची चिठ्ठी घेऊन..."

कडकबाईंनी पाय पुढे केला. सुजलेला, ताणलेला, घोट्याचं हाड नाहीसं झालेला पाय. तो त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाला जवळजवळ टेकवला.

"दाबा."

"काय?"

"हात लावा. इतक्या महिन्यांत कुणी लावला नाही. दाबून बघा आणि मग हाकला मला."

डॉक्टरीणबाईंनी चहा खाली ठेवला. कदाचित वाद संपवायचा म्हणूनच ठेवला असेल. नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. अंगठ्याएवढा खड्डा तिथेच राहिला. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी कडकबाईंच्या मानेकडे बघितलं, ओठांकडे बघितलं, नखं बघितली. गळ्यातली नळी काढून कानाला लावली आणि पाठीवर ठेवली.

"यंत्र सुरू कर," त्या तंत्रज्ञाला म्हणाल्या.

"पण नाव..."

"नाव मी बघते. सुरू कर."

पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी हलत होतं. कडकबाईंना त्यातलं काही कळलं नाही. दमलेल्या हाताची मूठ जशी अर्धीमुर्धी मिटते आणि उघडते तसं काहीतरी. डॉक्टरीणबाईंनी एकाच जागी बराच वेळ बघितलं. मग त्या वळल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती. तरीही त्या बोलल्या ते असं:

"हृदय फार दमलंय हो. निम्म्याहून कमी जोराने चाललंय. आजच्या आज दाखल करते, औषधांनी सांभाळता येईल, पण जे गेलंय ते सगळं परत यायचं नाही. तीन-चार महिने आधी आला असतात तर... एवढं अंगावर का काढलंत?"

कडकबाई काही बोलायच्या आत पाठीमागून आवाज आला. तो आवाज त्यांनी इतक्या वर्षांच्या संसारात ऐकलेला नव्हता.

"अंगावर काढलं?" नवरा म्हणाला. "आम्ही अंगावर काढलं? प्रत्येक महिन्याला आणत होतो तिला! पाय आणले, तुम्ही परत पाठवले. खोकला आणला, परत पाठवला. तिने सगळं एकदम सांगितलं तर म्हणालात भास होतो. माझे पाय बघा!" त्याने खाली वाकून विजार वर ओढली. "या काटक्यांना तुम्ही सूज लिहिलीत! मी खोटं बोललो ते चाललं तुम्हाला. ती खरं बोलत होती तर ऐकायला कुणी नव्हतं. आणि आता म्हणता अंगावर काढलं? तिच्या अंगाला हात कुणी लावला होता तुमच्यापैकी?"

नणंद दारापासून पुढे आली आणि तिने भावाचा दंड धरला. तंत्रज्ञ जमिनीकडे बघत होता. डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला. आपण त्या दवाखान्यातल्या नाही, असं त्या म्हणू शकल्या असत्या. ते खरंही होतं. पण त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि त्या पलंगाशेजारी बसल्या. बाहेरून दार वाजलं, "मॅडम, पुढचा पेशंट," तर त्यांनी "थांबायला सांगा" म्हणून परत पाठवलं. मग त्या कडकबाईंकडे वळल्या. कॉम्प्युटर त्यांच्या पाठीमागे राहिला.

"मला सांगा," त्या म्हणाल्या. "अगदी पहिल्यापासून. काही गाळू नका. मी बसलेय."

एवढ्याचसाठी कडकबाई इतके महिने फिरत होत्या. गोष्ट तोंडपाठ होती. रात्री खुर्चीत बसून त्यांनी ती मनातल्या मनात शंभरदा सांगितली होती. चपलेच्या पट्ट्यापासून, कठड्याच्या धुळीपासून, एकही गोष्ट मागेपुढे न होता. त्यांनी तोंड उघडलं.

"आधी..."

आणि श्वास संपला. छातीत काहीतरी आत ओढलं गेलं आणि पुढचा शब्द येईना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "आधी पाय..." आणि पुन्हा तेच. पलंगावर चढताना, भांडताना, जे काही होतं नव्हतं ते सगळं खर्च झालं होतं. आता कुणीतरी ऐकायला बसलं होतं आणि सांगायला दम उरला नव्हता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. रागाचं पाणी होतं ते. या बाईंचा राग, त्या चष्मेवाल्याचा, त्या टायवाल्याचा, स्वतःच्या छातीचा राग.

"मी सांगतो," नवरा जवळ येत म्हणाला. "तू बोलू नकोस, मी सांगतो."

कडकबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. तो वरच ठेवला.

"मी," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई थांबल्या.

"सांगते," कडकबाई म्हणाल्या, आणि पुढच्या शब्दासाठी श्वास गोळा करायला लागल्या.